एक्सएमएल हाताळण्यासाठी आपली फंक्शने आणि क्लास: किती लिहावेत, कुठे थांबावे?

रेघोटी

नमस्कार. आमच्या पायथन प्रकल्पात एक्सएमएल (टॅगांत बांधलेला मजकूर) हाताळण्यासाठी लिहिलेले एक मॉड्यूल आहे. त्याची सुरुवात एका फंक्शनने झाली होती: एलिमेंट आणि टॅगचे नाव द्यायचे, आतला मजकूर परत मिळायचा. नंतर ज्याला जशी गरज पडली तशी त्याने भर घातली आणि आज तिथे साठाच्या आसपास फंक्शने आणि पाच क्लास आहेत. मागच्या आठवड्यात मी ते मॉड्यूल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मजकूर काढून देणारी फंक्शने चार निघाली. चौघांचे काम एकच, पण टॅग सापडला नाही तर पहिले ‘नन’ (काहीच नाही) परत करते, दुसरे रिकामी स्ट्रिंग देते, तिसरे एक्सेप्शन फेकते आणि चौथे शून्य देते. कोणत्या ठिकाणी कोणते वापरले आहे, याला काहीही सूत्र नाही.

माझे मत असे झाले आहे की हे सगळे मॉड्यूल काढून टाकावे आणि भाषेसोबत येणारी एलिमेंटट्री लायब्ररी थेट वापरावी. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे याच्या उलट आहे. त्यांच्या मते मॉड्यूल वाईट नाही, ते अर्धवट आहे. ते पूर्ण करावे. आपल्यापैकी ज्यांनी असे थर लिहिले, वापरले किंवा मोडले आहेत, त्यांनी अनुभव सांगावेत. आपले असे काय लिहावे आणि काय लिहू नये, एवढाच प्रश्न आहे.

कंसातला

काढून टाका. एलिमेंटट्री पायथनच्या मूळ संचात २.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून आहे, आणि ती मुळातच ‘डॉम’ या जुन्या पद्धतीच्या जडपणावर उतारा म्हणून लिहिलेली लायब्ररी आहे. तिच्यावर आणखी एक थर चढवणे म्हणजे सोप्या गोष्टीला झाकून टाकणे.

तुम्ही दिलेलेच उदाहरण घ्या. ‘फाइंडटेक्स्ट’ हे फंक्शन आधीच आहे आणि त्याचे वागणे नेमके ठरलेले आहे: टॅग नसेल तर ‘नन’ किंवा आपण दिलेले पर्यायी मूल्य, टॅग असून रिकामा असेल तर रिकामी स्ट्रिंग. याउलट ‘फाइंड’ करून पुढे त्याचा ‘टेक्स्ट’ मागितला, तर टॅग नसताना प्रोग्राम कोसळतो आणि टॅग रिकामा असताना ‘नन’ मिळते. हा फरक एकदा नीट वाचला की चारही फंक्शनांची गरज उरत नाही.

अवग्रह

>> हा फरक एकदा नीट वाचला की चारही फंक्शनांची गरज उरत नाही.

हा फरक प्रत्येकाने नीट वाचलेला असेल, या भरवशावर प्रकल्प चालत नाही, आणि म्हणूनच मला तुमचे म्हणणे पटत नाही. लायब्ररीचे वागणे ठरलेले आहे हे खरे. पण ‘टॅग नाही’ याचा अर्थ काय घ्यायचा हे लायब्ररी ठरवू शकत नाही, ते आपल्या कामावरून ठरते. एखाद्या बिलात रक्कम नसणे ही चूक आहे आणि सवलत नसणे ही साधी गोष्ट आहे. हे दोन्ही प्रसंग कोडमध्ये वेगळे दिसले पाहिजेत. मी गेली अनेक वर्षे फक्त तीन फंक्शने बाळगतो: एक ‘असायलाच हवे’ प्रकारचे, जे टॅग नसल्यास कोणत्या एलिमेंटखाली काय अपेक्षित होते हे स्पष्ट सांगणारे एक्सेप्शन फेकते, दुसरे ‘असल्यास’ प्रकारचे, आणि तिसरे यादी देणारे, जे एकही न सापडल्यास रिकामी यादी देते. नावे अशी ठेवली आहेत की ओळ वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा हेतू कळावा.

थेट वापरातला आणखी एक सापळा सांगतो, कारण तो मी दोनदा अनुभवला आहे. ‘फाइंड’ने मिळालेले एलिमेंट सरळ ‘इफ’मध्ये तपासले, तर ज्या एलिमेंटला पोटात दुसरे एलिमेंट नाही ते ‘असत्य’ ठरते. म्हणजे मजकूर असलेला व्यवस्थित टॅग समोर असूनही कोड तो नाही असे धरून पुढे जातो आणि कुठेही चूक दिसत नाही. पायथन ३.१२ पासून यासाठी सूचना दिली जाते, पण जुन्या आवृत्त्या गप्प राहतात. तपासणी नेहमी ‘नन नाही ना’ अशीच हवी, आणि ती वीस ठिकाणी लिहिण्यापेक्षा एका फंक्शनात लिहिणे मला जास्त सुरक्षित वाटते.

दीर्घवेलांटी

अवग्रह यांना अनुमोदन. प्रकार बदलणारी फंक्शनेही याच यादीत यावीत: मजकुरापासून पूर्णांक, दशांश, तारीख, खरे-खोटे. विशेषतः खरे-खोटे. पायथनमध्ये ‘फॉल्स’ हा शब्द असलेली स्ट्रिंग ‘बूल’ला दिली तर उत्तर ‘ट्रू’ येते, कारण कोणतीही न-रिकामी स्ट्रिंग सत्य मानली जाते. एक्सएमएल स्कीमाच्या, म्हणजे फाइलची रचना आणि मूल्यांचे प्रकार ठरवणाऱ्या मानकाच्या, बूलियन (खरे-खोटे) प्रकारात चार रूपे चालतात: ‘ट्रू’, ‘फॉल्स’, १ आणि ०. या चारांखेरीज काहीही आले तर फंक्शनने थांबले पाहिजे.

पूर्वपद

पूर्णांकासाठी मात्र ‘इंट’ पुरेसे आहे ना? त्यासाठी वेगळे फंक्शन लिहायचे कारण काय?

दीर्घवेलांटी

पूर्वपद, ‘इंट’ गरजेपेक्षा उदार आहे. त्याला ‘१२’ हे देवनागरी अंकांत दिले तरी ते बारा परत करते, आणि आवृत्ती ३.६ पासून अंकांमध्ये अधोरेखा घातलेली संख्याही ते स्वीकारते. स्कीमाचा पूर्णांक या दोन्ही गोष्टी नाकारतो. फक्त वाचून घ्यायचे असेल तर बिघडत नाही. पण तीच स्ट्रिंग पुढे दुसऱ्या यंत्रणेला जशीच्या तशी पाठवायची असेल, तर आपण जे बरोबर म्हणून पुढे सोडले ते तिथे नाकारले जाते आणि दोष आपल्याकडे येतो. रकमेसाठी ‘फ्लोट’ वापरू नये, ‘डेसिमल’ वापरावा, हे वेगळे सांगायला नको. तरीही प्रत्येक जुन्या प्रकल्पात मला एक तरी ‘फ्लोट’ सापडलेला आहे.

उभीरेघ

चर्चा मजकुरावरच अडकली आहे, म्हणून नेमस्पेसकडे, म्हणजे सारख्या नावांचे टॅग वेगळे ओळखण्याच्या सोयीकडे, वळतो. माझ्या मते आपले असे काही लिहायचे असेल तर सर्वांत आधी इथे लिहावे.

आमच्याकडे एका बाहेरच्या यंत्रणेतून रोज फाइल येत असे आणि तिच्यातल्या टॅगांना ‘क:’ असा प्रिफिक्स असे. जुन्या कोडमध्ये कोणीतरी मजकुरात थेट ‘क:किंमत’ असे शोधले होते. पाठवणाऱ्यांनी एके दिवशी त्यांची लायब्ररी बदलली, नव्या लायब्ररीने त्याच यूआरआयसाठी (नेमस्पेसची ओळख सांगणाऱ्या, पत्त्यासारख्या स्ट्रिंगसाठी) दुसरा प्रिफिक्स निवडला आणि आमच्याकडे सगळ्या किमती गायब झाल्या. पाठवणाऱ्यांची काहीही चूक नव्हती. जानेवारी १९९९ मध्ये नेमस्पेसचे मानक आले तेव्हापासून नियम हाच आहे की प्रिफिक्स ही केवळ त्या फाइलपुरती सोय आहे. टॅगची खरी ओळख म्हणजे यूआरआय आणि स्थानिक नाव यांची जोडी. एलिमेंटट्री म्हणूनच टॅगचे नाव महिरपी कंसात यूआरआय आणि त्यापुढे स्थानिक नाव अशा रूपात देते. हे रूप दिसायला लांबलचक आहे, पण प्रामाणिक आहे.

दुसरी अडचण मूळ नेमस्पेसची. फाइलच्या वरच्या टॅगवर प्रिफिक्सशिवाय नेमस्पेस जाहीर केलेली असते, आतले सगळे टॅग साधे दिसतात आणि तरीही साध्या नावाने शोधले तर काहीच सापडत नाही. १९९९ च्या एक्सपाथ १.० या शोधभाषेत प्रिफिक्स नसलेले नाव म्हणजे ‘कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेले’ नाव, असाच अर्थ आहे. फाइलमधली मूळ नेमस्पेसची घोषणा तिथे लागू होत नाही. त्यामुळे शोधताना आपणच एखादा प्रिफिक्स ठरवून त्याचा यूआरआयशी संबंध जोडणारी डिक्शनरी द्यावी लागते. नवे सहकारी पहिले दोन दिवस याच भिंतीवर डोके आपटतात.

आम्ही यासाठी एकच छोटा क्लास ठेवला. त्याला यूआरआय दिला की तो स्थानिक नावापासून पूर्ण नाव बनवून देतो, आणि बाकी कोडमध्ये यूआरआय लिहायला मनाई आहे. जावा वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथला ‘डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरी’ डिफॉल्टने नेमस्पेस ओळखतच नाही, ती सोय आपण चालू करावी लागते. ही एक ओळ विसरल्यामुळे गेलेले तास मी मोजलेले नाहीत, पण ते पुष्कळ होते.

कंसातला

उभीरेघ, पायथन ३.८ पासून महिरपी कंसात तारांकन देऊन कोणत्याही नेमस्पेसमधला टॅग शोधता येतो. मग तो क्लास तरी कशाला?

उभीरेघ

ती सोय फाइल चाचपडून पाहताना चांगली आहे. कायमच्या कोडमध्ये मी ती वापरत नाही, कारण एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या नेमस्पेसमधले ‘नाव’ हे टॅग असू शकतात, आणि ते वेगळे राहावेत म्हणूनच तर नेमस्पेस आल्या. जी ओळख पाठवणाऱ्याने मुद्दाम दिली आहे ती आपण शोधताना पुसून टाकणे मला योग्य वाटत नाही. काही जण तर वाचतानाच सगळ्या नेमस्पेस काढून टाकणारे फंक्शन लिहितात. रेघोटी, तुमच्या साठांत तसे एखादे असेल तर ते सर्वांत आधी काढा.

रेघोटी

आहे. आणि ते अकरा ठिकाणी वापरले आहे.

सहजभाव

मला एक सोपा मार्ग सुचवावासा वाटतो. सगळे एक्सएमएल वाचताना एकदाच डिक्शनरीत रूपांतरित करावे आणि पुढे एक्सएमएलचा विचारच करू नये. एक फंक्शन, संपूर्ण प्रश्न मिटला. आम्ही हेच करतो आणि कोड बराच आटोपशीर झाला आहे.

मूळपान

सहजभाव, हा मार्ग मीही काही काळ चाललो आहे, म्हणून त्यातली खरी अडचण सांगतो. एका ऑर्डरमध्ये ‘वस्तू’ हा टॅग दोनदा आला तर डिक्शनरीत यादी होते आणि एकदाच आला तर एकटी वस्तू होते. म्हणजे डेटाचा आकार डेटाच्या संख्येवर अवलंबून राहतो. चाचणीच्या फाइलमध्ये नेहमी दोन-तीन वस्तू असतात, प्रत्यक्षात पहिली एकाच वस्तूची ऑर्डर येते आणि यादीवर फिरणारा कोड एकट्या वस्तूच्या आतल्या नावांवर फिरू लागतो. अशा लायब्ररींमध्ये ‘या नावाची नेहमी यादीच कर’ असे सांगण्याची सोय असते. पण मग कोणते टॅग पुन्हा येऊ शकतात याची नोंद आपणच ठेवू लागतो, म्हणजे अर्धी स्कीमा पुन्हा लिहू लागतो. शिवाय वेगवेगळ्या नावांची भावंडे एकमेकांत मिसळून आली तर त्यांचा क्रम हरवतो, आणि ॲट्रिब्यूट व टॅग एकाच नावाचे असतील तर कोणते कोणते हे सांगण्यासाठी आणखी एक संकेत लागतो.

मला पटलेला मार्ग क्लासचा आहे. ‘ऑर्डर’, ‘वस्तू’, ‘पत्ता’ असे साधे डेटाक्लास लिहावेत, प्रत्येकाला ‘एलिमेंटपासून घडवणारी’ एक आणि ‘एलिमेंट बनवणारी’ एक मेथड द्यावी. एलिमेंट या दोन मेथडींच्या बाहेर पडता कामा नये. मग एक्सएमएलचा संबंध कोडच्या सीमेवरच संपतो, आत फक्त आपल्या विषयाचे शब्द राहतात. अवग्रह यांची तीन फंक्शने या मेथडींच्या पोटात छान बसतात.

हे क्लास स्कीमावरून आपोआप बनवण्याचीही साधने आहेत. जावामध्ये जॅक्सबी हे काम करत असे आणि ते बराच काळ जावासोबतच येत असे. जावा ११ मध्ये ते मूळ संचातून काढले गेले आणि तेव्हापासून वेगळे जोडावे लागते. आपोआप बनलेल्या क्लासांबद्दल माझी तक्रार एकच आहे: त्यांची नावे आणि रचना स्कीमा लिहिणाऱ्याच्या विचाराने चालतात, आपल्या कामाच्या विचाराने नाही. स्कीमा शेकडो टॅगांची असेल तर पर्याय नाही. पण त्यातले बारा टॅगच लागत असतील तर हाताने लिहिलेले तीन क्लास मला अधिक वाचनीय वाटतात.

सहजभाव

मूळपान, एकट्या वस्तूचा मुद्दा मान्य. आमच्या फाइल सेटिंगच्या स्वरूपाच्या आहेत, त्यांत पुनरावृत्ती नाही, म्हणून आजवर निभावले असावे. आज संध्याकाळी आमचे कोड या नजरेने पुन्हा पाहतो.

शून्यलब्धी

मूळपान यांचे क्लास मला आवडले, पण त्यांना वरून एलिमेंट कोण देणार हा प्रश्न उरतोच. सर्व प्रतिसादांत संपूर्ण फाइल एकदम मेमरीत येते असे गृहीत धरलेले दिसते. आमच्याकडे एकेक फाइल काही गीगाबाइटची असते आणि सगळ्या एलिमेंटांचे झाड बनवून वाचले तर ते मेमरीत मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा घेते.

अशा ठिकाणी ‘आयटरपार्स’ वापरतात. फाइल वाचता वाचता तो एकेक एलिमेंट पूर्ण झाल्याचे सांगतो, आपण काम करायचे आणि ते रिकामे करायचे. इथे जवळजवळ प्रत्येकाकडून होणारी चूक अशी की ‘क्लिअर’ केले की काम झाले असे वाटते. ‘क्लिअर’ने त्या एलिमेंटच्या पोटातले सगळे जाते, पण रिकामे झालेले ते एलिमेंट आपल्या पालकाच्या यादीत तसेच लटकत राहते. नोंदी लाखांत असतील तर ही रिकामी टरफलेच मेमरी भरतात. म्हणून सुरुवातीच्या घटनेत मूळ एलिमेंट धरून ठेवावे आणि प्रत्येक नोंदीनंतर त्याचीही मुले काढून टाकावीत. दुसरी गोष्ट, ‘स्टार्ट’ घटनेच्या वेळी एलिमेंटची ॲट्रिब्यूट्स हाती असतात, पण मजकूर आणि मुले आलेली असतीलच याची खात्री नसते. लहान फाइलवर ती आलेली दिसतात, कारण पार्सर फाइल मोठ्या तुकड्यांनी वाचतो आणि तोवर पुढचा भागही वाचून झालेला असतो. मजकूर हवा असेल तर ‘एंड’चीच वाट पाहावी.

हे सगळे एका जनरेटर फंक्शनात बंद केले की वापरणाऱ्याला फक्त नोंदींची रांग दिसते. आमच्या मॉड्यूलमधले सर्वांत जास्त उपयोगी पडलेले फंक्शन हेच आहे, आणि ते वीस ओळींपेक्षा मोठे नाही.

जोडाक्षर

शून्यलब्धी यांच्या तुकड्यांच्या मुद्द्याला जोडून सॅक्सचा, म्हणजे झाड न बनवता एकेक घटना कळवत फाइल वाचणाऱ्या पद्धतीचा, एक अनुभव लिहितो. सॅक्समध्ये मजकूर ‘कॅरॅक्टर्स’ या मेथडमधून मिळतो, आणि एकाच टॅगचा मजकूर एकाहून अधिक हप्त्यांत येऊ शकतो, असे तिथे स्पष्ट म्हटलेले आहे. आमच्या जुन्या कोडमध्ये प्रत्येक हप्ता आधीच्या मजकुराच्या जागी ठेवला जात होता. खरे तर तो आधीच्याला जोडायला हवा होता. हजारो नोंदी ठीक येत आणि मध्येच एखाद्या नावाचा फक्त शेवटचा तुकडा उरत असे. पार्सरच्या बफरची सीमा ज्या नावावर पडे ते नाव तुटे. फाइलमध्ये वर कुठेही एक अक्षर वाढले की सीमा सरके आणि दोष दुसऱ्याच नावावर जाई, त्यामुळे तो पुन्हा घडवून दाखवता येत नसे. अँपरसँडसारखे चिन्ह मजकुरात आले तरी असेच हप्ते पडू शकतात. सॅक्स वापरणे अटळ असेल तर मजकूर गोळा करणारा एक पायाभूत क्लास लिहून ठेवावा आणि बाकीचे हँडलर त्याच्यापासूनच घडवावेत.

पूर्वपद

वाचत आहे. फार उपयोगी चर्चा.

तटबंदी

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केला नाही आणि माझ्या दृष्टीने केवळ तिच्यासाठीसुद्धा आपले एक ‘पार्स’ फंक्शन असायला हवे: सुरक्षितता.

एक्सएमएलच्या डीटीडीमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या नियमांच्या भागात, एंटिटी (मजकुराची लघुनावे) जाहीर करता येतात आणि एका एंटिटीत दुसरी वापरता येते. पहिल्या एंटिटीत तीन अक्षरांचा शब्द ठेवला, दुसरीत पहिली दहा वेळा, तिसरीत दुसरी दहा वेळा, असे करत दहाव्या एंटिटीपर्यंत गेले, तर एक किलोबाइटहून लहान फाइल उलगडताना त्या शब्दाच्या १०० कोटी प्रती होतात, म्हणजे सुमारे ३ गीगाबाइट मजकूर. दुसरा प्रकार बाहेरच्या एंटिटीचा: त्यात एंटिटीची किंमत म्हणून सर्व्हरवरच्या एखाद्या फाइलचा पत्ता दिला जातो आणि पार्सर आज्ञाधारकपणे ती फाइल वाचून उत्तरात घालतो.

आज परिस्थिती पूर्वीपेक्षा चांगली आहे. पायथनच्या पार्सरखाली एक्सपॅट ही लायब्ररी आहे आणि तिच्या २.४.१ व त्यापुढच्या आवृत्त्या पहिला प्रकार ओळखून थांबतात. पायथनचा सॅक्स पार्सर ३.७.१ पासून बाहेरच्या एंटिटी डिफॉल्टने वाचत नाही. डॉटनेटमध्ये ‘एक्सएमएलरीडर’ तयार करताना डीटीडी मुळातच नाकारलेली असते. पण आपला कोड कोणत्या यंत्रावर, कोणत्या जुन्या लायब्ररीवर चालेल हे प्रत्येक वेळी आपल्या हातात नसते. जावामध्ये तर डॉकटाइप (डीटीडीची घोषणा) नाकारण्याची सोय आपण स्वतः चालू करावी लागते. म्हणून बाहेरून आलेली प्रत्येक फाइल एकाच फंक्शनातून वाचावी आणि त्यात डीटीडी आढळली की ती सरळ नाकारावी. पायथनसाठी ‘डिफ्यूज्डएक्सएमएल’ हे पॅकेज आहे; त्यात डीटीडी नाकारण्याचा पर्याय चालू केला की ते हेच काम करते. रेघोटी, तुमच्या मॉड्यूलमध्ये पार्सर किती ठिकाणी तयार होतो ते मोजून पाहावे, ही विनंती.

कंसातला

तटबंदी यांचा प्रतिसाद वाचून मी माझे पहिले विधान मागे घेतो. वाचण्याचे दार एकच असावे, हे मान्य. मजकूर काढण्याच्या फंक्शनांबद्दल मात्र माझे मत अजून बदललेले नाही.

अनुस्वार

लिहिण्याच्या बाजूबद्दल थोडे लिहितो, कारण माझे काम मराठी मजकुराचे आहे.

एलिमेंटट्रीच्या ‘टूस्ट्रिंग’ला एन्कोडिंग सांगितले नाही तर ते अस्की धरते. मग ‘म’ हे अक्षर &#२३५०; अशा सांकेतिक रूपात बाहेर पडते; प्रत्यक्ष फाइलमध्ये हा आकडा अर्थातच इंग्रजी अंकांत असतो. फाइल चुकीची नसते, कोणताही पार्सर ती बरोबर वाचतो, पण माणसाला ती वाचता येत नाही आणि आकार कित्येक पटींनी फुगतो. यूटीएफ-८ सांगितले की बाइट्स मिळतात आणि ‘युनिकोड’ सांगितले की स्ट्रिंग मिळते. ही स्ट्रिंग नंतर फाइलमध्ये दुसऱ्याच एन्कोडिंगने लिहिली गेली, तर पार्सर गृहीत धरतो ते एन्कोडिंग आणि आतले बाइट्स यांचा मेळ बसत नाही. माझा नियम साधा आहे: एक्सएमएल बाइट्समध्ये वाचावे आणि बाइट्समध्येच लिहावे, एन्कोडिंग ठरवण्याचे काम पार्सरवर सोपवावे. एलएक्सएमएल ही पायथनची दुसरी लायब्ररी तर एन्कोडिंगची घोषणा असलेली स्ट्रिंग दिली की ती नाकारतेच, आणि ते योग्यच आहे.

दुसरा मुद्दा मराठीत हमखास येणारा. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो: एकच सांकेतिक चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन चिन्हे मिळून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एक्सएमएल पार्सर यांत काहीही बदल करत नाही, त्यामुळे एका फाइलमधला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या फाइलमधल्या ‘दुसऱ्या’शी जुळत नाही. मजकुराची तुलना करायची असेल तर युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या रूपात आणणारे एक छोटे फंक्शन हवे. ते पार्स करताना चालवू नये, तुलनेच्या वेळी चालवावे. मूळ मजकूर लिहिणाऱ्याचा आहे.

आणि एक कळकळीची विनंती: मजकूर एलिमेंटमध्ये ठेवण्याआधी अँपरसँड किंवा ‘पेक्षा लहान’, ‘पेक्षा मोठे’ ही चिन्हे हाताने सांकेतिक रूपात बदलणारे फंक्शन लिहू नका. फाइल लिहिताना लायब्ररी ते काम करतेच. दोघांनी केले की वाचणाऱ्याला ‘&’ ऐवजी ‘&amp;’ दिसते, आणि अशा फाइल एकदा साठवल्या गेल्या की कोणता मजकूर एकदा बदललेला आहे आणि कोणता दोनदा, हे कोणालाच सांगता येत नाही.

ग्रंथपाल

अनुस्वार यांच्या ‘मूळ मजकूर लिहिणाऱ्याचा आहे’ या वाक्यासाठी आभार. माझे काम संपादित ग्रंथांचे, म्हणजे ज्यात परिच्छेदाच्या मध्येच टॅग येतात अशा मजकुराचे. वरच्या बहुतेक प्रतिसादांत एक्सएमएल म्हणजे नोंदींची पेटी असे गृहीत आहे. आमच्याकडे ते तसे नसते.

<परिच्छेद>हे <ठळक>महत्त्वाचे</ठळक> आहे.</परिच्छेद>

एलिमेंटट्रीमध्ये ‘हे’ हा परिच्छेदाचा ‘टेक्स्ट’ आहे, पण ‘आहे.’ हा परिच्छेदाचा नसून ‘ठळक’चा ‘टेल’ आहे. आता ‘ठळक’ हा टॅग ‘रिमूव्ह’ने काढला तर त्याच्यासोबत ‘आहे.’ही निघून जाते. टॅग काढायचा आणि मजकूर राखायचा असेल तर टेल आधीच्या भावंडाच्या टेलला, किंवा भावंड नसेल तर पालकाच्या टेक्स्टला जोडावा लागतो. त्यासाठी पालक माहीत हवा, आणि एलिमेंटट्रीमध्ये मुलाला पालक माहीत नसतो. एलएक्सएमएलमध्ये पालक विचारता येतो. मी लिहिलेले सर्वांत जपून ठेवलेले फंक्शन हे टॅग सोडवणारे आहे. परिच्छेदाचा सलग मजकूर हवा असेल तर ‘आयटरटेक्स्ट’ वापरावे; केवळ ‘टेक्स्ट’ घेतला तर ‘हे’ एवढेच मिळते.

याच कारणाने फाइल सुबक दिसावी म्हणून मोकळ्या जागा घालणारी फंक्शने मला धोक्याची वाटतात. पायथन ३.९ पासून ‘इंडेंट’ आहे. ते नोंदींच्या फाइलवर उत्तम चालते. पण परिच्छेदातले दोन टॅग एकमेकांना चिकटून असतील तर ते त्यांच्या मध्ये नवी ओळ घालते आणि जोडलेला शब्द तुटतो. ग्रंथाच्या मजकुरात मोकळी जागा हाही मजकूरच असतो.

कंसातला

ग्रंथपाल, मी गेली दहा वर्षे एलिमेंटट्री वापरतो आणि ‘टेल’ मला आजवर एक अडगळ वाटत होता. त्याचे प्रयोजन आज कळले.

पूर्वपद

हे सगळे तपासायचे कसे? आम्ही चाचणीत अपेक्षित एक्सएमएल स्ट्रिंग लिहून ठेवतो आणि तुलना करतो. ॲट्रिब्यूटचा क्रम बदलला तरी चाचणी मोडते.

अवग्रह

पायथन ३.८ मध्ये ‘कॅनॉनिकलाइझ’ आले आहे. ते दोन्ही बाजूंना लावून मग तुलना करावी. ॲट्रिब्यूट ठरलेल्या क्रमाने येतात, रिकामा टॅग एकाच रूपात लिहिला जातो, अवतरणचिन्हांचा फरक राहत नाही. ३.८ मध्येच आणखी एक बदल झाला: त्याआधी लिहिताना ॲट्रिब्यूट वर्णानुक्रमाने लावली जात, त्यानंतर ज्या क्रमाने दिली त्या क्रमाने राहतात. स्ट्रिंगची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्या त्या आवृत्तीवर एकाच दिवशी मोडल्या होत्या, तुमच्याही त्याच कारणाने मोडल्या असाव्यात.

रेघोटी

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस प्रतिसाद समोर ठेवून मॉड्यूल पुन्हा वाचले. तटबंदी, पार्सर नऊ ठिकाणी तयार होतो आणि त्यांतल्या दोन ठिकाणी बाहेरून आलेली फाइल थेट जाते. ते आजच एका फंक्शनात आणले.

सहकाऱ्यांशी बोलून असे ठरले आहे. वाचण्याचे एक आणि लिहिण्याचे एक फंक्शन, दोन्ही बाइट्सवर चालणारी. मोठ्या फाइलसाठी शून्यलब्धी यांच्या पद्धतीचा जनरेटर. अवग्रह यांची तीन फंक्शने आणि प्रकार बदलणारी चार. नेमस्पेसचा छोटा क्लास. पाच जुन्या क्लासांपैकी तीन एलिमेंटभोवती नुसतेच गुंडाळलेले होते, ते जातील. उरलेले दोन मूळपान यांनी सांगितले तसे डेटाक्लास होतील. नेमस्पेस पुसणारे फंक्शन लगेच काढता येणार नाही, कारण त्या अकरा ठिकाणी प्रत्येकाचा यूआरआय शोधून बसवावा लागेल. पण त्याचा नवा वापर बंद केला आहे.

एक शंका मात्र उरली. आमची एक सेटिंगची फाइल एक्सएमएलमध्ये आहे आणि त्यात माणसांनी लिहिलेल्या बऱ्याच टिपा आहेत. आमचा कोड एक मूल्य बदलून ती परत लिहितो आणि सगळ्या टिपा नाहीशा होतात. हे आमच्या मॉड्यूलमुळे होते की लायब्ररीमुळे?

ग्रंथपाल

लायब्ररीमुळे. एलिमेंटट्रीचा नेहमीचा पार्सर टिपा झाडात घेतच नाही. ३.८ पासून ‘ट्रीबिल्डर’ला टिपा राखायला सांगता येते, तो बिल्डर पार्सरला द्या आणि त्या पार्सरने फाइल वाचा. मूळ टॅगच्या बाहेर, म्हणजे फाइलच्या अगदी वर किंवा शेवटी असलेल्या टिपा मात्र तरीही परत लिहिल्या जात नाहीत. त्याही हव्या असतील तर ती एक फाइल एलएक्सएमएलने वाचावी. त्यानंतर मुलांवर फिरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी काळजी घ्या, कारण टीपही मुलांच्या रांगेत येते आणि तिचा ‘टॅग’ ही स्ट्रिंग नसते. त्यावर स्ट्रिंगची मेथड चालवली की प्रोग्राम थांबतो.

रेघोटी

करून पाहिले. फाइलच्या सुरुवातीची टीप महत्त्वाची होती, म्हणून तेवढ्यासाठी एलएक्सएमएल घेतले. टिपा राहिल्या.